कन्हेरीचा तात्या आणि मी छापलेला फ्लेक्स

कन्हेरीच्या तात्याला रस्त्यावर कुणीही मागं टाकायचं. एसटी टाकायची, माणसं कोंबलेली वडापची जीप टाकायची, दुधाचे कॅन लटकवलेली फटफटी टाकायची. एकदा इंदापूर रस्त्यावर वऱ्हाडाच्या टेम्पोनं त्याला मागं टाकलं आणि आतल्या करवल्यांनी हात हलवून टाटा केला. तात्यानं हसून उलट टाटा केला. हाच माणूस मोटारींच्या रॅलीत उतरला की मुरमाच्या वळणावर गाडी अशी आडवी घालून काढायचा, की कोल्हापूर-नाशिकची पोरं बांधावर चढून घसा फोडायची. पण घरच्या मोटारीत बसला की काटा चाळीसच्या पुढं सरकत नसे. मी शेजारी बसून जांभया द्यायचो.

मी शेजारी असायचो, कारण मी त्याचा नॅव्हिगेटर. रॅलीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसून वहीतली वळणं मोठ्यानं वाचणारा माणूस. बाकीचे दिवस माझं बारामतीत फ्लेक्स छापायचं दुकान असतं. वाढदिवस, निवड, बारसं, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्याकडं छापून होतं आणि मजकूरही बहुतेक मीच लिहून देतो. लोकांना भारदस्त लागतं, मी देतो. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

चाळीसवरून चिडवलं की तात्या म्हणायचा, "संज्या, रॅलीत रस्ता बंद केल्याला आसतोय. समोरनं कोण येणार न्हाय हे आधी ठरल्यालं आसतंय. हितं कुणी ठरवलंय?" मी खिडकीतून ऊस बघत बसायचो.

सीटच्या पट्ट्याचं त्याला वेडच होतं. गोठ्यापासून डेअरीपर्यंत जायचं असलं तरी आधी पट्टा, मग चावी. एकदा वडिलांना, आबांना, दवाखान्यात न्यायला निघाला. आबा धिप्पाड माणूस, उभा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. पट्टा बघून भडकले, "मी काय पोतं हाय व्हय, बांधून न्यायला?" तात्या शांतपणे म्हणाला, "पोतं सांडलं तर गोळा करता येतंय आबा. तुमी सांडला तर आमी काय गोळा करायचं?" आबांनी पट्टा लावला.

वहीच्या बाबतीतही तो तसाच खाष्ट. दुसऱ्यांच्या वह्या इंग्रजीत, आमची मराठीत. 'उजवं तीन, पुढं उतार, आत कापू नको.' एकदा दुकानातल्या सवयीनं मी एका वळणापुढं 'जबरदस्त' असं लिहून ठेवलं. त्यानं वही हातातून काढून घेतली. "दिसतंय तेवढंच लिव. भारी वाटतंय म्हणून लिवत गेलास तर एक दिवस घात करशील माझा." मी ते हसण्यावारी नेलं.

चुका मात्र पोटात घालायचा. पणदऱ्याला ऊस तुटून गेलेल्या रानात आम्ही सराव करायचो. तिथं मी घाईघाईत उजव्याच्या जागी डावं वाचलं आणि आम्ही गाडीसकट शेजारच्या उभ्या उसात. मालक काठी घेऊन धावत आला. तात्या खाली उतरला आणि म्हणाला, "काका, माजीच चूक हाय. हे पोरगं बरूबर सांगत हुतं." त्या काकांनी काठी टेकवली, मोडलेल्या उसाचीच कांडी करून आम्हाला खायला दिली आणि पुढच्या रॅलीला स्वतः बघायला आले.

असा हा माणूस गेल्या हंगामात दिवेलागणीला, निमगाव केतकीच्या पुढं रस्त्यावर गेला. उसाची ट्रॉली टायर फुटून अर्ध्या रस्त्यात उभी होती. मागं दिवा नाही, रेडियम नाही, साधं लाल फडकंही नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस थेट काचेतून आत शिरला. पट्टा लावलेला होता. त्याचा काय उपयोग होणार होता?

पोरं रात्रीतच बारामतीत जमली. कोल्हापूरहून, नाशिकहून, साताऱ्याहून गाड्या आल्या. कुणी रडत होतं, कुणी मोबाईलवर त्याचे व्हिडिओ लावत होतं. "संजूदादा, चौकात फ्लेक्स पायजे, मोठ्ठा," सगळ्यांचं एकच. मी दुकान उघडलं. डोकं बधिर होतं, पण हाताला सवय होती. हवेत उडालेल्या गाडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'वेगात जगला, वेगात गेला!' पोरांनी त्याला हात जोडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि खरं सांगतो, ओळ जमली म्हणून बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. भरधाव मोटार ट्रॉलीवर आदळून रॅलीपटूचा मृत्यू, आणि शेजारी माझ्या फ्लेक्सचा फोटो. पंचनाम्यातही 'भरधाव' असाच शब्द पडला होता. आमचा गणूमिस्त्री, ज्यानं तात्याच्या गाडीचा एकेक नट स्वतः आवळला होता, तो तावातावानं चौकीत गेला. "बोनेट बघा सायेब. भरधाव आसता तर इंजान शिटावर आलं आसतं. हितं बोनेटला धड पोचा न्हाय." हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं खिडकीतून चौकाकडं बोट दाखवलं. "आरं, तुमीच लिवलंय की येवढ्या मोठ्या अक्षरात. मी येगळं काय लिवू?"

संध्याकाळी कन्हेरीला तात्याच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेपर पुढ्यात होता. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"भावजी, हे कुणी लिवलं?"

मी मान खाली घातली.

"लोक येत्यात आन मला सांगत्यात, लई पळवायचा बाई, कधीतरी हे व्हणारच हुतं. त्यास्नी म्हाईत न्हाय. पर तुमी तर शेजारी बसत हुता."

आजवर मला पुष्कळ जणांनी शिव्या दिल्या आहेत, गिऱ्हाइकांनी तर रोज. त्यातली एकही इतकी लागली नाही. माझ्या मित्राचं नाव मी स्वतःच्या हातानं बुडवलं होतं, तेही चार रंगांत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिडी घेऊन चौकात गेलो आणि फ्लेक्स फाडायला लागलो. पोरं धावून आली. एकानं शिडीच धरली. "तात्याचा बोर्ड काढताय? आमचा मुडदा पडंल!" मी वरूनच ओरडलो, "रस्त्यावर तात्या कधी चाळीसच्या वर गेल्याला बघितलाय का तुमच्यापैकी कुणी?"  शिडी धरणारा हळूच म्हणाला, "आमी मागनं हॉर्न मारून दमायचो." आणि त्यानंच खालचा दोर सोडला.

दहाव्याला ओढ्याकाठी ही गर्दी. आमच्याकडं दहाव्याला माईक असतो आणि माईक असला की पुढारी असतो. एक जण उठले आणि म्हणाले, तरुणांनी यातून बोध घ्यावा, वेगाला आवर घालावा, हे असले जीवघेणे खेळ आता बंद व्हावेत. रॅलीची पोरं माना खाली घालून ऐकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन त्यांच्या हातातला माईक घेतला.

"तो बोर्ड मी लिवला हुता आन तो धादांत खोटा हाय. तात्या चाळीसनं चालला हुता. खेळानं त्याला कवा खरचटलं बी न्हाय. तो मेला बिनदिव्याच्या ट्रॉलीनं. बोध घ्यायचाच आसंल तर हितं बसल्यात त्यांनी घ्यावा. किती जणांच्या ट्रॉलीला मागं दिवा हाय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. पुढाऱ्यांनी घड्याळ बघितलं. मग पहिल्या रांगेतून आबा उठले. दोन माणसांनी धरायला हात पुढं केले, ते त्यांनी झटकले.

"माझ्या दोन ट्रॉल्या हायत कारखान्याला," ते म्हणाले, "एकीला बी न्हाय."

थोड्या वेळानं कावळा शिवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट माझ्या दुकानापुढं उभा. "पोरगं दोन वर्सं मागं लागलं हुतं, आबा, रेडियम लावा. मी म्हणायचो, ऊस काय लग्नाला निघालाय व्हय नटायला?" एवढं बोलून आबा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "लाव काय ते लाल. आन खाली खरं काय ते लिव."

मी लाल पट्टे लावले. त्याखाली रेडियमचीच अक्षरं कापली. बातमी ऐकून पणदऱ्याच्या ट्रॉल्या आल्या, मग निमगावच्या. कोल्हापूर-नाशिकची पोरं आठवडाभर बारामतीत राहिली. ट्रॉल्या धुवायच्या, पुसायच्या, अक्षरं चिकटवायची. एक ट्रॉलीवाला म्हणाला, आमाला नुसतं लाल लावा, नाव नको. गणूमिस्त्रीनं त्यालाही लाल लावून दिलं, पण चहा पाजला नाही.

पंचनाम्यातला शब्द अजून तसाच आहे. पेपरानं चूक छापली, दुरुस्ती छापली नाही. आम्ही रॅलीही बंद केली नाही आणि करणारही नाही. आणि रोज अंधार पडला की बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि मागच्या गाडीचा उजेड पडला की प्रत्येकीच्या पाठीवर तेच एक वाक्य पेटतं: 'तात्या चाळीसनं चालला होता.'

परवा त्याच हवालदारानं आबांचा ट्रॅक्टर अडवला. "आबा, ट्रॉलीवर असलं काय लिवलंय? नियमात बसत न्हाय हे."

आबांनी इंजिन बंद केलं नाही. वरूनच विचारलं, "लांबनं वाचता आलं का?"

"आलं की."

"मग बास," आबा म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.