बेनिग्नोचा दान्सोन

आमच्या मातान्सास शहरातला न्हावी बेनिग्नो पर्यटक आले की नृत्यगुरू होतो. दान्सोन नाचताना सुरुवातीची धून परत आली, की जोडप्यांनी थांबायचं, पंख्याने वारा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परवा चौकात बँड वाजत होता. धून परत आली, सगळे थांबले, आणि हा शहाणा एका परदेशी बाईला भोवऱ्यासारखं गरागरा फिरवत राहिला. ती बिचारी यालाच नाच समजून खिदळत होती.

त्याची बायको सोयला माझ्याशेजारीच बसली होती. मी तिला विचारलं, "काय गं, तुझा नवरा दान्सोन विसरला का?"

पंखा हलवत ती म्हणाली, "विसरतोय कसला. थांबलं की बाईशी बोलावं लागतं. ते त्याला लग्नापासून जमलेलं नाही."