मंगल कार्यालयाचे दिवे

आता चहा संपेस्तोवर तुमी बसणारच, तर ऐका. माणूस हौसेनं दिवे घ्यायला जातो आन् अख्ख्या गावाचं पाणी स्वतःच्या दारात अडकवून ठेवतो, असं कुठं ऐकलंय? मी केलंय ते.

आमचं घर लिंबागणेशच्या अलीकडं, शेतात. डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत मातीची वाट. माझी बायको सुमन गावातल्या महिला दूध सोसायटीची चेअरमन. संध्याकाळचं दूध घेऊन, कॅन धुऊन घरी यायला तिला अंधार पडायचा. दुष्काळाचं साल, उकाड्यानं विंचू बाहेर निघालेले. मला काळजी वाटायची. म्हटलं, वाटेवर सोलरचे दिवे लावू.

सुमन म्हणाली, "अहो, गुडघ्याएवढे बुटके दिवे आणा. पायाखालचं दिसलं की झालं."

आता चेअरमनबाईचा नवरा बुटके दिवे आणंल का? बीडला गेलतो, तिथं दुकानात उंच खांबावरचे पांढरेफक्क दिवे दिसले आन् माझं मनच जडलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे मंगल कार्यालयवाले नेतात. तुमची वाट केवढी हाय?"

"लई मोठी हाय," मी म्हणालो.

खांब रोवले. पहिल्याच संध्याकाळी दिवे लागले आन् मी ओट्यावर बसून बघत राहिलो. गावात लोडशेडिंग, सगळीकडं काळोख, आन् आमची वाट तेवढी लखलखीत. वाटलं, आता विमान उतरंल.

विमान न्हाई, टँकर उतरला.

झालं असं, की गावाला पाणी घेऊन येणारा ड्रायव्हर त्या दिवशी नवा होता. त्याला कुणीतरी सांगितलेलं, "दिव्यांची रांग दिसली की आत वळ, तेच गाव." गावातले दिवे बंद. दिसली ती माझी रांग. भरलेला टँकर थेट आमच्या वाटेवर आला, दारापाशी सांडपाणी मुरवायच्या शोषखड्ड्यावरची माती खचली आन् मागचं चाक आत गेलं. ना पुढं, ना मागं.

तिकडं गावात लोक हंडे घेऊन ताटकळलेले. टँकर आमच्याकडं वळला हे कुणीतरी लांबून बघितलं, आन् थोड्याच वेळात हंड्यांसकट गाव माझ्या अंगणात. सगळ्यांत पुढं माझा दोस्त भीमा.

"टँकर कामून वळवला रे?"

"मी न्हाई वळवला. तो दिवे बघून आला."

"दिवे कुणी लावले?"

"मी."

"कशाला?"

"बायकोसाठी."

"म्हंजी वहिनीनं वळवायला लावला?"

जितकं सांगावं तितका मी गुंतत चाललो. मागून कुणीतरी म्हणालं, ह्यानं खड्डा पण आधीच खांदून ठेवला हाय. पाण्यावरून त्या साली डोकी फुटत होती.

तेवढ्यात सोसायटीच्या पिकअपमधून सुमन उतरली. तिनं आधी चाक बघितलं, मग गर्दी, मग माझं तोंड.

"टँकर रिकामा झाल्याशिवाय निघत न्हाई," ती म्हणाली. "पाणी इथंच उतरवू. भीमाभाऊ, पिकअपमधी धुतलेले कॅन हायत, ते भरा. पहिली खेप म्हाताऱ्यांच्या आन् बाळंतिणींच्या घरी जाईल. बाकीच्यांनी रांग धरा. आमच्या घरचा हंडा शेवटी."

आवाज चढवला न्हाई तिनं. पण भांडायला आलेली माणसं खांबांच्या कडेनं गुमान रांगेत उभी राहिली. भीमा कॅन उचलायला लागला. थेंब सांडला न्हाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तोंड उघडं टाकून बघितलं. टँकर हलका झाला, सगळ्यांनी धक्का दिला आन् चाक वर आलं. जाताना ड्रायव्हर सुमनला हात जोडून गेला. माझ्याकडं बघितलं पण न्हाई.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मी सुमनला सोडायला गेलतो. डेअरीच्या रस्त्यावर दिवे लावायचं निघालं. मी दारातूनच घसा खाकरला. म्हटलं, या विषयातला अनुभव गावात मलाच हाय.

एक म्हातारी सभासद म्हणाली, "दिवे सुमन निवडंल. तुमी शिडी धरा."

सुमन शांतपणे म्हणाली, "शिडी भीमाभाऊ धरतील."

ठराव एकमतानं पास झाला. मी सभासद न्हाई, तरी हात वर केला.