राखेने घासलेला पेला

लाकूड हातात आलं की शिवादादा सुतार ते आधी नाकाला लावायचा. वास घेतल्याशिवाय रंधा चालायचा नाही. पावस गावाजवळ एका शाळेच्या बागेचं काम मी घेतलं होतं. बाकडी, झोपाळे, कठडा. वाळवी लागू नये म्हणून लाकूड औषध पाजून आलेलं, हिरवट. तसलं लाकूड दिसलं की आजही मला थुंकावंसं वाटतं. दादाने हुंगलं नि तोंड वाकडं केलं.

"ह्या लाकूड नाय, भाऊ, औषधाची बाटली हाय. पोरां हात लावनार नि त्याच हातान खाऊ खानार."

"रंग कामात धरलेला नाही, दादा."

"मग धर."

दोन हात रंग चढल्याशिवाय त्याने एकही बाकडं जागेवर बसवू दिलं नाही.

उरल्या तुकड्यांचा ढीग पडला. वखारवाल्याने मला बजावलं होतं, जाळू नका, विष राखेत उरतं, परत पाठवा. त्यासाठी टेम्पो करायचा मला कंटाळा. दादाच्या बायकोने न्हाणीच्या चुलीसाठी तुकडे मागितले आणि मी म्हटलं, "न्या वहिनी." दादाने तिला अडवलं नाही. "आगीत गेला का सगळा चोख," हे त्याचं नेहमीचं. त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्या राखेने भांडी घासली गेली. उरलेली गोठ्यामागे पडायची; दादाची गाय ती चाटायची. महिन्याभरात गाय मेली. मी भेटायला गेलो.

"पान लागला असनार," दादा म्हणाला. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत.

वहिनींनी पाणी आणलं. पितळेचा पेला, लखलखीत घासलेला. मी तोंडाला लावला नाही. पोट बिघडलंय म्हटलं आणि उठलो. ती दोघं रोज त्याच भांड्यांत जेवत होती. त्या न प्यायलेल्या पाण्याची किळस अजून घशात आहे.

चार दिवसांनी सगळं सांगितलं. तुकडे, राख, सगळं भरून न्यायला टेम्पो घेऊनच गेलो होतो.

"म्हंजे म्हनून तू पानी प्यायला नाय," दादा म्हणाला.

डॉक्टरकडे न्यायला मी गाडी काढली, तर ती दोघं एसटीने गेली. माझ्या कामावर तो पुन्हा आला नाही. पण पाऊस सरला की बागेत येतो, बाकड्यांना रंगाचा एक हात देतो. रंगाचा डबा मी नेतो. तो झाकण काढून हुंगतो आणि माझ्याकडे न बघता बाकड्याकडे बोट करून म्हणतो, "ठेव थय."