मामाजींनी निवडलेला नकाशा

आज सकाळी माझे मामाजी गेले.

आता दुर्ग-भिलाईत माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी उरलं नाही.

मधुकरमामा. आईचे धाकटे भाऊ. रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर. नागपूरहून बदली होऊन दुर्गला आले, इथंच रिटायर झाले. मामी आधीच गेल्या. मूलबाळ नाही.

मी स्टील प्लांटमध्ये नोकरीला, सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये एकटी. आई गेल्यापासून दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायची. ते वांग्याची भाजी करायचे, मी पोळ्या.

एवढंच आमचं कुटुंब.

मी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं तेव्हा ऑफिसात सगळे हसले. "मॅडम, इस उमर में?"

मामाजी म्हणाले, "चला, घरात दोन पायलट झाले."

शिकत होती तोवर बाजूच्या सीटवर इन्स्ट्रक्टर असायचे. लायसन्स मिळालं आणि ती सीट रिकामी झाली. म्हणून टॅबलेटवर चार्टचं ॲप घ्यायचं होतं. आपलं विमान कुठं आहे ते नकाशावर सरकताना दिसतं, तसलं. तीन ॲप ट्रायलवर घेतले. पंधरा दिवस झाले तरी ठरेना.

एक फार सुंदर होतं. रंग, डोंगर, नद्या, सगळं कसं उठून दिसायचं. फ्लाइंग क्लबमधले सगळे तेच वापरायचे.

दुसरं बरं होतं. तिसरं दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं.

मामाजी म्हणाले, "घरी बसून काय पाहून राहिली? गाडीत बसून पाहू. दुर्ग ते गोंदिया. त्या लाइनचा खांब न् खांब मले माहीत आहे. नकाशा खरं बोलते का खोटं, मी सांगतो."

आणि आम्ही खरंच गेलो! दोन रविवार. स्लीपरच्या खिडकीत ते बसले, मांडीवर टॅबलेट. जाताना एक ॲप, येताना दुसरं, पुढच्या रविवारी तिसरं.

समोरच्या बाईंनी विचारलं, "अंकल, गेम खेल रहे हो?"

"नहीं बेटी, परीक्षा ले रहा हूँ."

डोंगरगड गेल्यावर दरेकसाजवळ बोगदा लागतो. आत सॅटेलाइटचा सिग्नल जातो. तो बोगदाच त्यांना पाहिजे होता.

सुंदर ॲपमधलं विमान आत शिरल्याबरोबर जागच्या जागी थांबलं. कुठंच काही लिहून आलं नाही. जणू गाडीच उभी आहे.

दुसऱ्यातलं विमान अंदाजानं पुढं पुढं सरकत राहिलं.

तिसऱ्यानं विमान पुसूनच टाकलं आणि लाल अक्षरांत लिहिलं, पोझिशन उपलब्ध नाही.

मामाजींनी टॅबलेट माझ्या हातात दिला.

"हे घे. ज्याले 'मले माहीत नाही' म्हणता येते, त्याच्यावर भरोसा ठेव."

मी हो म्हटलं.

आणि घेतलं ते सुंदरवालं.

त्यांना सांगितलं, तुमचंच घेतलं.

या मे महिन्यात मी एकटी निघाली. तासाभराचं फ्लाइट. हवेत धूळ, खाली सगळं पांढुरकं. उन्हात टॅबलेट तापला आणि त्याचं जीपीएस गेलं. मला ते कळलंच नाही. नकाशा दिसत होता, विमान दिसत होतं, सगळं छान.

नकाशात समोर मोठा तलाव होता.

खिडकीतून पाहिलं तर तलाव नाही. मिनिटभर थांबली. नाही. अजून एक मिनिट.

मग लक्षात आलं, नकाशातलं विमान कधीचं हललंच नाही.

कंट्रोल टॉवरला लगेच विचारायला हवं होतं. तरी रेडिओचं बटण दाबवेना. काय सांगू? लोक ऐकतील. क्लबमध्ये चर्चा होईल. बाजूला वळून पाहिलं. सीटवर माझी पाण्याची बाटली होती, बाकी कोणी नाही.

चार मिनिटांनी बोलली. मला माझी पोझिशन माहीत नाही.

पलीकडचा आवाज अगदी शांत होता. त्यांनी दिशा सांगितली. मी वळली. काही वेळानं रनवे दिसला. उतरली.

संध्याकाळी मामाजींचा फोन. "कसं झालं बेटा?"

"मस्त झालं."

त्याच आठवड्यात मी ॲप बदललं, मामाजींनी निवडलेलं घेतलं. पण त्यांना काही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. परवा दुपारी मी मोसंबी सोलून देत होती. ते म्हणाले, "ते ॲप काम देऊन राहिलं ना नीट?"

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

ते माझ्याकडे वळले.

"कावून केलं असं?"

"सगळे तेच वापरून राहिले होते, मामाजी."

"सगळे होते का तुझ्या बाजूले?"

मी रडायला लागली. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "रेडिओवर बोलाले किती टाइम लावला?"

"चार मिनिटं."

"लय झाले." ते म्हणाले, "धुक्यात सिग्नल नाही दिसला का मी गाडी हळू करो. मागून सारे बोंबलत, गाडी लेट हून राहिली म्हणून. बोंबलू दे. पुढच्या बारी एका मिनिटात बोलजो."

"हो."

"नुसतं हो नको म्हणू."

"एका मिनिटात बोलीन, मामाजी."

मग त्यांनी मोसंबीची फोड घेतली. रागावले होते का, मला अजून माहीत नाही. काल दिवसभर ते झोपूनच होते.

दुपारी शिवनाथ नदीच्या घाटावर सगळं आटोपलं. आम्ही नऊ जण होतो. त्यातले सहा त्यांच्या रेल्वेतले. सगळे हिंदीत बोलत होते, मीही हिंदीतच बोलली.

आता घरी येऊन बसली आहे. हे सगळं सांगायला घरात कोणी नाही, म्हणून इथं लिहून राहिली.

मामाजी, तुमच्या भाचीचा तुमाले शेवटचा नमस्कार. नीट पोचा.