ग्रीकबुवांचं अर्धं आख्यान

डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या आणि तोंडात प्राचीन ग्रीक. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी हा प्रकार घडायचा. बुवा मूळचे नागपूरचे. वडील कीर्तनकार, आणि हे एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळणारे. हौसेनं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ग्रीक शिकले आणि तिथल्या वीरांना थेट आपल्या कीर्तनात आणून उभं केलं. सगळे त्यांना ग्रीकबुवाच म्हणत. मी पुण्याची, पहिल्या वर्षी नावं ठेवायला गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या मागे पेटीच्या साथीला बसले.

पूर्वरंगात ते 'क्लेओस' समजावून सांगत. "क्लेओस म्हणजे कीर्ती. पण कोणती? दुसऱ्याच्या तोंडून कानावर येते ती. आपली आपण सांगितली तर तिला रेझ्युमे म्हणतात!" हॉल खळखळून हसायचा. टॉवर्स पडल्यानंतरच्या त्या मंदीत निम्मा हॉल नोकरी शोधत होता, तरी हसायचा. हसू ओसरलं की बुवा गंभीर होत. "ग्रीकांना स्वर्ग नव्हता, मंडळी. मेल्यावर उरायचं तर गाणाऱ्याच्या गळ्यातच. दुसरी जागाच नाही."

उत्तररंगाचं आख्यान ठरलेलं असे. एक तरुण योद्धा परक्या किनाऱ्यावर लढायला आलेला. त्याची आई समुद्रातली देवी. ती सांगते, "राजा, घरी परत गेलास तर खूप जगशील, पण तुझं नाव कुणी घेणार नाही. इथे लढलास तर लवकर जाशील, पण गाणारे तुला विसरणार नाहीत." आणि तो भाला उचलतो. बुवा चिपळ्यांचा हात उंच धरून तिथेच थांबत, मी सूर लांबवत नेई आणि लगेच आरती सुरू होई. पुढचं त्यांनी कधीच सांगितलं नाही. देवासमोरचं आख्यान मंगल जागी संपवायचं, मरण रंगात आणायचं नाही, ही वडिलांची शिस्त. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, लोक प्रसाद घेऊन घरी जाणार. त्यांच्याबरोबर प्रेत कशाला पाठवायचं?"

त्यांची मुलगी मुक्ता झांजा घेऊन पहिल्या रांगेत बसायची. मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीतून. भाला उचलण्याच्या जागी तिच्या झांजा थांबत. पोरगी रंगून जाते, म्हणून बुवांना कोण अभिमान!

हायस्कूल संपलं, कॉलेजची अॅडमिशन झालेली होती, आणि मुक्तानं परस्पर सैन्यात नाव घातलं. इराकचं युद्ध सुरू होतं. त्या शनिवारी आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये तालमीला बसलो होतो. ती खाली आली आणि उभ्या उभ्याच सांगून मोकळी झाली. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"बाळा, ती गोष्ट तिथे संपत नाही गं," ते म्हणाले. हे आपल्याच आख्यानातून आलंय, ते त्यांना बरोबर कळलं होतं. "तो मरतो. पुढे दुसऱ्या एका काव्यात तो पाताळात भेटतो. मेलेल्यांमध्ये राजासारखा मान असतो त्याला. आणि तो काय म्हणतो ठाऊक आहे? हे राज्य नको. वर एखाद्या फाटक्या कुळाच्या शेतावर मजूर म्हणून राबेन, पण मला जिवंत ठेवा."

मुक्तानं विचारलं, "यू न्यू धिस? ऑल धीज इयर्स?"

"हो."

"देन व्हाय डिड यू ऑलवेज स्टॉप देअर, बाबा?"

आजोबांची शिस्त, आरतीची वेळ, प्रसाद, यातलं बुवा काय सांगणार होते? तिनंच खाली वाकून त्यांना मिठी मारली. "इट्स ओके. आय ऑलरेडी साइन्ड."

ती इराकला गेल्यावर बुवांच्या घरात टीव्ही बंद झाला. मरणाची बातमी द्यायला सैन्याची माणसं गाडीतून घरी येतात, त्यामुळे रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली की बुवांच्या बायको, आमच्या काकू, पोळी तव्यावर तशीच टाकून खिडकीशी धावायच्या. गाडी पुढे गेल्याशिवाय दोघं बोलत नसत. "आता कानावर काहीच यायला नको," बुवा एकदा मला म्हणाले. "चांगलंसुद्धा नको."

आणि आमच्या मंडळाला सुचला सत्कार! 'वीरकन्येचे पिता' म्हणून बुवांना शाल, श्रीफळ, वर टाळ्या. मला त्या टाळ्यांचा भयंकर राग आला. वाजवणाऱ्यांची मुलं मेडिकलला नाहीतर लॉला होती. बुवांनी नारळ टेबलावर ठेवला आणि साथ न घेता, उभ्या उभ्या, पाताळातला तो भाग सांगायला सुरुवात केली. अध्यक्ष धावतच जवळ आले. "अहो बुवा, बाप्पासमोर हे अभद्र कशाला? आरतीला लेट होतंय, प्लीज."

"अभद्र टाळता टाळताच पोरगी गेली हो माझी तिकडे," बुवा म्हणाले. माइक चालूच होता. मग कुणीतरी घाईघाईनं आरती सुरू केली, ती भलत्याच पट्टीत. त्यानंतर बुवा कीर्तनाला उभे राहिले नाहीत.

मुक्ता परत आली. हातपाय धड, एक पदक, आणि डोळ्याला डोळा लागत नाही अशी. त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याला सिअॅटलकडे नोकरी मिळाली आणि आमचं बॉथेलला जायचं ठरलं. निरोप घ्यायला दुपारी गेले तर बुवांनी ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. मुक्ता सोफ्यावर झोपली होती, बूटसुद्धा न काढता. आम्ही किचनमध्ये बसून कुजबुजत बोललो. काकूंनी आवाज न करता चहा दिला. मंडळानं माझ्याकडे निरोप दिला होता: यंदा मुक्ताचा सत्कार करायचाय, मुलांपुढे आदर्श हवा. तो सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

बुवांनी सोफ्याकडे पाहिलं.

"नको. त्यांना सांग, तिचं नाव कुठे छापू नका, स्टेजवरून घेऊ नका. लोक विसरले तरी चालेल." मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "तिला आता नुसतं म्हातारं होऊ द्या."