एक हात लांब, एक वीत खाली

आमच्या टायपिंगच्या सरांच्या हाती काहीही लिहिलेलं आलं, की ते आधी ते एक हात लांब धरायचे. पेपर असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर खोकल्याच्या औषधाची बाटली. हात ताठ, मान किंचित मागे, डावा डोळा बारीक. मग शेजारी जो कोणी असेल त्याला विचारायचे, "टिंब दिसतंय का?" हातभर अंतरावरून अनुस्वाराचं टिंब दिसलं तर छपाई चांगली, उजेड चांगला आणि चष्माही चांगला. नाही दिसलं तर तिघांपैकी एकजण लबाड आहे, असं त्यांचं म्हणणं. उमरग्यात त्यांना खऱ्या नावानं ओळखणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांचे ते टिंबसर. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

त्यांचा टायपिंगचा वर्ग हायवेपासून आत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली गिरणी सुरू झाली की वरची आठही मशीनं थरथरायची. बारावीला आपटी खाऊन मी तिथं गेलो तेव्हा कळांवर बोटं ठेवायच्या आधी त्यांनी मला बसायला शिकवलं. ज्यावरून टाइप करायचं तो कागद डोळ्यांपासून एक हात लांब आणि नजरेच्या एक वीत खाली. हे माप ते प्रत्येक पोराच्या स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या वितीनं घ्यायला लावत. "माझा हात तुझ्या काय कामाचा? ज्याचं अंतर त्यानं मोजायचं," असं म्हणायचे. कुणी मान वाकवून बसलं की मागून येऊन पाठीवर पट्टी टेकवायचे. मारायचे नाहीत, फक्त टेकवायचे.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "बोट चुकतं, डोळा धरतो." चूक होणारच, पण ती कागद मशीनमध्ये असतानाच दिसली पाहिजे. त्यासाठी त्यांचा एक ठरलेला धडा होता. आंबा, आंबा, आंबा, पानभर. एखाद्याचं टिंब सुटलं की वर्गात उभं करून वाचायला लावायचे. मी एकदा 'बांधावरील आबा तोडू नये' असं टाइप केलं होतं. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दत्ता, तुझ्या घरी आबा हायत का?" मी म्हणालो, "व्हय सर, आजोबा." "मग त्यांना सांग, दत्तानं आज तुम्हाला वाचवलंय. तोडू नये म्हणतोय." आठ मशीनं थांबली आणि पोरं पोट धरून हसली. त्या दिवसापासून माझं टिंब कधी सुटलं नाही.

पुढं टाइपरायटर गेले तसा वर्गही गेला. सरांनी एक मशीन ठेवून घेतलं आणि तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं. लोक दुसऱ्या टेबलांसमोरची रांग सोडून त्यांच्याकडं यायचे, कारण सरांचा कागद परत येत नाही अशी ख्याती होती. मी मात्र कळांवरून सरळ कॉम्प्युटरवर गेलो, पुण्याला दोन वर्षं काढली आणि परत येऊन हायवेला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. उद्घाटनाला सर आले होते. त्यांनी पाटी एक हात लांबून बघता येणार नाही म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून बघितली आणि तिथूनच ओरडले, "टिंब दिसतंय रे."

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीनची रिबन मिळेना, आणि कचेरीत कॉम्प्युटरचाच कागद चांगला दिसतो असं लोकांना वाटू लागलं. तेव्हा सर लॅपटॉप घ्यायला माझ्याकडं आले. वय अडुसष्ट. मोतीबिंदू काढलेला होता, चष्मा नवा होता आणि उत्साह नवशिक्या पोराचा होता. मी दोन लॅपटॉप काउंटरवर मांडले. एक साडेपंधरा इंची, साध्या स्क्रीनचा, न चकाकणारा. दुसरा तेरा इंची, पातळ, चंदेरी, आरशासारख्या काचेचा. हा दुसरा एका डॉक्टरांनी मागवला होता आणि नंतर नको म्हणाले होते. सहा महिने तो कपाटात पडून होता.

सरांनी स्टूल ओढलं. हात लांब करून अंतर घेतलं, वीत लावून उंची बघितली. मोठ्या लॅपटॉपवर मला 'आंबा' लिहायला लावलं. मागं झुकून म्हणाले, "हे बरं वाटतंय." मग छोट्याकडं वळले. "ह्या काचेत माझंच तोंड दिसतंय. कागद कुठं दिसायचा?"

"सर, ह्याचं रिझोल्यूशन लई भारी आहे," मी म्हणालो. "रिझोल्यूशन म्हणजे टिंबंच असतात. त्या मोठ्यात वीस लाख टिंबं आहेत. ह्यात पन्नास लाख."

सर हसले. "पन्नास लाख घेऊन काय करू रे? मला एकच टिंब बघायचंय."

त्या वाक्यात सगळं होतं. लॅपटॉप विकायला बसलेल्या माणसाला यापेक्षा नेमकं कुणी काही सांगू शकत नाही. लहान स्क्रीनवर टिंबं जास्त कोंबली की प्रत्येक टिंब बारीक होतं आणि त्यांनी घडलेलं अक्षरही बारीक होतं. ते मोठं करून घ्यावं लागतं. मी तेच केलं. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं दुप्पट केली आणि त्यांना दाखवलं. दुकानात ती खरंच छान दिसली. पण सरांच्या बोटांना टाइपरायटरच्या कळा पाठ होत्या, त्यामुळं त्यांना जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम लागणार होता. तो असल्या स्क्रीनवर मोठा व्हायला तयार नसतो, हे मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. मी गप्प बसलो. खरेदीच्या भावात देतोय, दुकानातली सगळ्यात उंची वस्तू देतोय, ही गुरुदक्षिणाच की, असं मी स्वतःला सांगितलं. कपाट रिकामं झालं.

आठ दिवसांनी सर आले. "दत्ता, अक्षर बारीक दिसतंय. लई वाकावं लागतंय." ज्यांनी मला पाठ सरळ ठेवायला शिकवलं, ते हे सांगत होते. मी स्क्रीनचं रिझोल्यूशन खाली आणून दिलं. अक्षरं मोठी झाली, पण धूसर. टिंब वरच्या रेघेत विरघळून गेलं. सरांनी दोन दिवस तसं काम केलं आणि परत आले. दुकानात गर्दी होती. मोठा लॅपटॉप मागं शेल्फवर अजून तसाच होता. तो काढून त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच करायचं होतं. पण बदलून दिला असता तर माझी चूक होती असं झालं असतं, आणि वापरलेला लॅपटॉप पुन्हा माझ्याच गळ्यात आला असता. मी म्हणालो, "सर, एकदा चष्मा तपासून घ्या."

"पेपरातलं टिंब तर दिसतंय की मला," सर म्हणाले.

"कागदाचा डोळा वेगळा असतो सर, स्क्रीनचा वेगळा. वय झालं की स्क्रीनचा आधी जातो."

हे मी कुठं वाचलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्या गिऱ्हाइकाला प्रिंटर दाखवता दाखवता तोंडाला आलं ते बोललो. सरांनी मान डोलवली. शिकवलेलं समजल्यावर आम्ही वर्गात डोलवायचो, तशी. त्यांनी दोनदा चष्मा तपासून घेतला. शेडमध्ये ते स्क्रीनला नाक लावून बसलेले दिसायचे. पाठीमागून येणारा रस्त्याचा उजेड काचेवर पडायचा, म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन ते आणि लॅपटॉप दोघं त्याखाली. वाफ घेणाऱ्या माणसासारखे. लोक चेष्टा करायचे, "सर, सर्दी झाली का?" सर टॉवेलच्या आतून म्हणायचे, "व्हय, नवी मशीन बाधली."

मग ते वाटणीपत्र झालं. दोन भावांची वाटणी होती, आणि बांधावरचा आंबा कुणाचा यावर वर्षभर अडलेली होती. शेवटी समाईक ठेवायचं ठरलं. सरांनी टाइप केलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं स्टँपपेपरवर छापलं आणि कागद सरांच्या हाती न देता थेट थोरल्या भावाला दिला. त्यानं चारचौघांत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "बांधावरील आबा दोघांच्या समाईक मालकीचा राहील." त्यांचा म्हातारा चुलता, ज्याला घरात आबाच म्हणत, तिथंच बाकावर बसला होता. तो म्हणाला, "मला समाईक करता व्हय रे? आणि पाडाला आलो की वाटून खाणार का?"

अख्खी शेड हसली. वर्षभर न बोललेले ते दोघं भाऊही एकमेकांकडं बघून हसले. सरही हसले म्हणतात. नवा स्टँपपेपर त्यांनी स्वतः आणून दिला, जुनं मशीन काढून उरल्यासुरल्या रिबनवर सगळं पत्र पुन्हा टाइप करून दिलं आणि लॅपटॉप पिशवीत घालून घरी गेले. ही गोष्ट संध्याकाळच्या आत हायवेच्या चहाच्या टपरीवर पोचली. मी ती तिथं ऐकली. ऐकून मीही हसलो. कप ठेवताना मला वर्गातला तो दिवस आठवला.

त्यानंतर सर शेडमध्ये बसले नाहीत. टेबल तिथंच राहिलं, मग त्यावर कुणीतरी फळं मांडली. वर्षभरानं एका लग्नात ते भेटले. मी पाया पडलो. जेवणाची पंगत बसायची होती, आम्ही दोघं मांडवाच्या कडेला उभे होतो.

"सर, काम का सोडलंत?"

"डोळे गेले रे दत्ता. मशीन झकास आहे तुझी, तिला नाव ठेवायला जागा न्हाय. तू म्हणाला होतास ना, स्क्रीनचा डोळा वेगळा असतो. तो गेला माझा. आता मी सगळ्यांना सांगत असतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. डोळे गेले नाहीत सर, मी तुम्हाला चुकीची स्क्रीन दिली. एवढं एकच वाक्य. ते तोंडात आलं होतं. तेवढ्यात पंगतीला बोलावणं आलं आणि मी म्हणालो, "चला सर, बसून घेऊ." जेवताना त्यांनी लग्नाची पत्रिका खिशातून काढली, एक हात लांब धरली आणि वाचून परत ठेवली. मला काही विचारलं नाही.

शेवटचे दिवस त्यांनी मुरूमला मुलीकडं काढले. ते गेल्याचं मला दुकानात कळलं. मी अंत्यविधीला गेलो आणि मागं उभा राहिलो. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी सुनंदा दुकानात आली. पिशवीतून तो चंदेरी लॅपटॉप काढून तिनं काउंटरवर ठेवला.

"अण्णांनी सांगितलं होतं, हे दत्ताला परत द्या म्हणून. चांगल्या डोळ्याच्या कुणाला तरी होईल म्हणाले."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "डोळ्यांचा फार त्रास झाला का त्यांना?"

"तेच तर कळंना बघा," ती म्हणाली. "डॉक्टर दोन्ही वेळा म्हणले, मास्तर, डोळे ठणठणीत हायत, नंबर तोच आहे. मी म्हणलं अण्णा, मग काढा की मशीन. तर म्हणायचे, डॉक्टर कागदाचा डोळा तपासतात. स्क्रीनचं त्यांना काय कळतंय? दत्ता दिवसभर त्यातच असतो. माझ्या हाताखालचं पोरगं आहे, मला खोटं सांगणार न्हाय."

मी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली आणि मुरूमच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

आता माझ्या दुकानात एक स्टूल आहे आणि ते हलत नाही. आलेल्याला मी आधी त्याच्यावर बसवतो, त्याचाच हात लांब करायला लावतो, ज्या प्रोग्रामवर तो काम करणार तोच उघडतो आणि 'आंबा' लिहितो. टिंब दिसलं तर पुढचं बोलणं. लोकांना ही माझी विक्रीची युक्ती वाटते. काही जण कौतुक करतात. ते ऐकताना मला मान वर करता येत नाही.

लॅपटॉप मी विकला नाही. सुनंदा गेल्यावर तो चार्जिंगला लावून उघडला होता. काम सोडल्यानंतरची त्यात एकच फाइल होती. आंबा, आंबा, आंबा, पानामागून पान. सर घरी बसून स्वतःलाच पोरांचा धडा देत होते. मी त्यांच्यासारखा स्क्रीनला नाक लावून ती सगळी पानं वाचली. एकाही आंब्याचं टिंब सुटलेलं नव्हतं.

मग मी पाठ सरळ केली, खुर्ची मागं घेतली, हात लांब करून अंतर मोजलं आणि पुन्हा बघितलं.

पानभर नुसते आबा होते.