नागपुरात ऊन विकत घेणाऱ्या काकू

नागपुरात ऊन विकत घेणारी बाई मी एकच पाहिली. मे महिन्यात आम्ही सगळे खिडक्यांना हिरवी जाळी बांधून, कूलरला वाळा लावून उन्हाला बाहेरच्या बाहेर हाकलत असू. आणि नंदनवनातल्या आमच्या इमारतीत, माझ्या समोरच्या दारातल्या काकू सदरच्या बाजारातून उन्हाचा दिवा मागवत. कासवासाठी! सगळे त्यांना ‘ऊनवाल्या काकू’च म्हणत आणि त्यांना ते आवडेही.

कासवाचं नाव भाऊराव. काकूंच्या मुलाने हौसेने, रीतसर नोंदणी करून पाळलेलं हे परदेशी कासव त्याने बंगळूरला जाताना आईच्या गळ्यात मारलं. काकूंनी त्याला बंद काचेच्या खिडकीशी ठेवलं; ऊन तर पडतंय, आणखी काय पाहिजे! पण भाऊरावांचं कवच मऊ पडू लागलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचेतून उजेड येतो, ऊब येते; पण कवच घट्ट करणारे अतिनील किरण काचेतच अडतात. गच्चीवर सोडावं तर इथल्या उन्हात माणूस टिकत नाही, तिथे कासवाचं काय! मग तसे किरण देणारा दिवा आला. “उजेड दिसून राहिला म्हणजे ऊन भेटून राहिलं, असं नसते,” हे काकू पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. दिवा छान जळत असला तरी काही महिन्यांनी त्या इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बदलायला लावत. त्यातलं ऊन आधी संपतं, उजेड मागे राहतो.

माझे पती अचानक गेले आणि मी सकाळी उठायचंच सोडून दिलं. भेटायला येणाऱ्यांशी हसून बोलायची. ते गेले की पडदे ओढून पुन्हा अंथरुणात. सगळे म्हणाले, सावरली हो. काकू तेवढ्या फसल्या नाहीत. एक दिवस दार वाजवून म्हणाल्या, “माहा खांदा धरला वं. दिव्याचं बटन वर आहे, हात पोचत नाही. सकाळी येऊन लावून देत जाजो. नाही त भाऊराव उन्हाविना राहीन.” मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या आपल्या घरात शिरल्याही होत्या.

सुरुवातीला मी चडफडतच गेले. दिवा लावून निघावं तर काकू म्हणत, “आली त बस, चहा मांडून राहिली मी.” भाऊराव हळूहळू दिव्याखाली येत, मान लांबवून डोळे मिटत. आम्ही दोघी ते बघत बसायचो. उशीर झाला की समोरून हाक येई, “काहून वं, भाऊराव वाट पाहून राहिला ना!” त्या हाकेचा मला भयंकर राग यायचा. पण त्याच हाकेने मी उठू लागले, वेळेवर अंघोळ करू लागले, मग कामावरही जाऊ लागले. धरलेल्या खांद्याच्या त्याच हाताने काकू भिवापुरी मिरच्यांची बरणी वरच्या फळीवरून सहज उतरवत. मी ते पाहायची, पण डोक्यात काही शिरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुलाने भाऊरावांना माझ्याकडे सोपवलं. दिवा माझ्या घरी बसवायला नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने विचारलं, “ताई, याचा टायमर कुठे आहे?”

“कसला टायमर?”

“म्या लावून देला होता ना. सकाळी आपोआप लागे, सांजेले आपोआप बंद होये. तुमचे साहेब गेले, त्याच्या थोड्याच दिवसानं काकूनं काढाले लावला. म्या म्हटलं, चांगला चालून राहिला, काहून काढता? त म्हणे, ‘भाऊराव त उठतेच गा, मले दुसऱ्याले उठवाचं आहे.’”

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सख्ख्या आईनेही केलं नसतं एवढं त्या बाईने माझ्यासाठी केलं, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही.

दिव्याच्या रिकाम्या खोक्यात टायमर सापडला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “लावून देऊ का?”

मी नको म्हटलं. सकाळी मीच उठते आणि भाऊरावांचं ऊन लावते.